उजव्या नाडीचे परकर

“हे परकर म्हातारीनं उलटेच शिवले का काय?”

अक्का, तुमच्या तेराव्याला, गंधमुक्तीच्या दिवशी, शेवटची पंगत उठल्यावर मी हे ऐकलं. तुमची सून आतल्या खोलीत कपाट रिकामं करत होती. तिच्या हातात एक कोरा पांढरा परकर होता आणि शेजारच्या काकू तो खिडकीच्या उजेडाला धरून बघत होत्या.

“नाडीचं तोंड बघ, उजवीकडं. आणि पट्टा केवढा लावलाय, वीतभर! नजर गेली असणार शेवटी शेवटी.”

“असे सात आहेत,” सून म्हणाली. “सगळे कोरे. भांडेवाली आली की देऊन टाकते. सुरतेला नेऊन मी काय करू?”

मी दारात उभी होते, हातात पाण्याचा तांब्या धरून. तुमची नजर गेली नव्हती. दिवाळीच्या आधी मी आले होते तेव्हासुद्धा तुम्ही पहिल्या फटक्यात सुईत दोरा ओवलात आणि मला तीनदा जमलं नाही तेव्हा म्हणालात, “इंग्लिश मॅडम, चष्मा लाव आते.” ते परकर उलटे नव्हते. ते कुणासाठी आणि का तसे शिवलेत, हे त्या घरात त्या वेळी फक्त मला माहीत होतं. एक वाक्य पुरलं असतं.

“ताई, तुम्ही कोण म्हणायच्या?” सुनेनं विचारलं.

“ओळखीची,” मी म्हणाले. “परकर शिवायला टाकत होते.”

तिनं माझ्या पंजाबी ड्रेसकडे एकदा पाहिलं. मी तांब्या खाली ठेवला, तुमच्या फोटोला नमस्कार केला आणि जळगावच्या गाडीसाठी धुळ्याच्या स्टँडवर आले.

असं मी नेहमीच करत आले, हे तुम्हाला वेगळं सांगायला नको.

तीन वर्षांपूर्वी तुम्ही मला पहिल्यांदा पाहिलंत तेव्हाही मी गप्पच होते. सव्वीस वर्षांची होते. मोठ्या आतड्याच्या अगदी शेवटच्या टोकाला गाठ होती, इतकी शेवटी की मागचा रस्ता कायमचा बंद करून पोटावर डाव्या बाजूला नवं तोंड काढायचं आणि त्यावर पिशवी लावायची, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. हे वाक्य मराठीत लिहायला मला तीन वर्षं लागली. इंग्रजीत मी ते पहिल्या दिवसापासून म्हणू शकत होते. शाळेनं मला शरीराच्या सगळ्या भागांची नावं इंग्रजीत दिली होती; ती स्वच्छ होती, धुतलेल्या काचेच्या बरणीत ठेवल्यासारखी. मराठीत त्याच गोष्टींना माझ्याकडे एकच शब्द होता, “शी”, आणि तो मी लहानपणीच म्हणायचा सोडला होता.

म्हणून तर सगळं उशिरा झालं. रक्त जातंय हे मी चार महिने कुणाला सांगितलं नाही. मग आईला सांगितलं. आई म्हणाली उष्णता असेल, सब्जा घे. मग मूळव्याध ठरली. मग कुणीतरी सांगितलेल्या पुड्या आठ महिने घेतल्या. आत दुर्बीण घालून बघायला हवं, हे कुणाला सुचेपर्यंत वर्ष गेलं होतं. हे तुम्हाला सांगितलं तेव्हा तुम्ही माझ्यावर नाही, हवेवर चिडलात. “रगत दिसनं का मूळव्याध, रगत दिसनं का मूळव्याध! बठ्ठा खान्देश मूळव्याधवर बठेल शे. अरे, एक डाव आत पाही तं ल्या!”

ऑपरेशन धुळ्याला ठरलं, कारण जळगावात ओळखीचे फार. शेजारी सांगितलं की मी मामाकडे गेलेय, काहीतरी कोर्स आहे. आदल्या दिवशी दुपारी सिस्टर तुम्हाला घेऊन आल्या. हिरवी काठाची साडी, खांद्याला कापडी पिशवी, गळ्यात शिंप्याची टेप. मला वाटलं वॉर्डाचे पडदे शिवायला कुणी आलंय. तुम्ही नाव विचारलं नाहीत, आजार विचारला नाहीत. माझ्या खाटेवर बसलात आणि म्हणालात, “नाडी कोठे बांधस वं माय?”

बाबा लगेच उठून बाहेर गेले. आईनं माझ्याकडे पाहिलं. मी म्हणाले, “मी जीन्स घालते.”

“मंग पट्टा कोठे येस ते दखाड.”

मग तुम्ही मला उभं केलंत, खुर्चीवर बसवलंत, जमिनीवर मांडी घालून बसवलंत, वाकून चपलेचा पट्टा लावायला सांगितलंत. प्रत्येक वेळी पोटाला वळी कुठे पडते ते बघून सिस्टरांना म्हणालात, “आठे नको. आठेबी नको. हा, आठे.” सिस्टरांनी तिथं पेनानं गोल केला. उद्या सकाळी डॉक्टर त्याच गोलावर काम करणार होते. सगळं मिळून वीस मिनिटं लागली असतील. माझ्या आजारात ती पहिली वीस मिनिटं होती जेव्हा कुणीतरी ऑपरेशननंतरच्या माझ्याबद्दल बोलत होतं. वाकणाऱ्या, बसणाऱ्या, चपला घालणाऱ्या.

तुमच्या स्वतःच्या ऑपरेशनच्या वेळी हे कुणी विचारलं नव्हतं. अकरा वर्षांपूर्वी तुम्ही दवाखान्याच्या झग्यात आडव्या झोपलेल्या होतात आणि कुणीतरी “कमरेच्या खाली का?” विचारलं, तुम्ही “हा” म्हणालात. झोपलेल्या बाईची कंबर आणि परकर नेसलेल्या बाईची कंबर एक नसते, हे तुम्हाला घरी आल्यावर कळलं. नाडी बरोब्बर पिशवीवर येत होती. सैल बांधली तर साडी सुटायची, आवळली तर पिशवी सुटायची. महिनाभर तुम्ही गाऊनवर घरात बसलात. मग मशीनवर बसलात आणि स्वतःचाच परकर उसवलात. नाडीच्या जागी वीतभर रुंद, मऊ सुती पट्टा. दाब एका रेषेवर न येता सगळ्या कमरेवर विभागणारा. नाडीचं तोंड उजवीकडं, म्हणजे गाठ पिशवीपासून लांब. डावीकडं आतून कप्पा, पिशवी लोंबू नये म्हणून. तुमच्या सुनेला दिसलेला उलटा परकर तो हा.

मला तुमच्याबद्दल जे माहीत आहे ते असं सगळं कमरेभोवतीचं आहे. तुमचं लग्न कधी झालं, यजमान कधी गेले, हे मला त्या दिवशी फोटोखाली बसलेल्या बायकांकडून कळलं. तुम्ही बोलायचात ते वेगळंच. पिशवी सकाळी उठल्या उठल्या बदलायची, काही खायच्या आधी, तेव्हा पोट शांत असतं. कातडी कोरडी केल्याशिवाय चिकटवायची नाही, घाई करशील तर आग होईल. पिशवीचं भोक मापानं कापायचं, अंदाजानं नाही. “ब्लाऊजनी बाही अंदाजे कापस का कोणी?” एसटीत बसताना जास्तीची पिशवी सामानात नाही, मांडीवर. पोटावरच्या त्या लाल तोंडाला तुम्ही टमाटं म्हणायचात. “टमाटं लाल शे ना? वलं शे ना? मंग बेस शे. काळं पडनं तं दवाखानामा पळ.” डॉक्टरांनी दिलेल्या इंग्रजी पुस्तिकेत हेच चार पानांत लिहिलं होतं. मी ती दोनदा वाचली होती आणि एकदाही हसले नव्हते.

तुम्ही माझ्याशी अर्धं अहिराणी, अर्धं शहरी बोलायचात. मी तुम्हाला तुम्ही-तुम्ही करायचे आणि तुम्ही म्हणायचात, “मी काय कलेक्टर शे का?” अहिराणी मला कळते, बोलता येत नाही. आमच्या घरी ती आजीबरोबर संपली. आई शाळेत शिकवते. तिनं ठरवून ती घरात येऊ दिली नाही, कारण वर्गात हसतील.

ऑपरेशननंतर आठ महिने मी बाहेर कुठे जेवले नाही. काम घरूनच होतं, पुण्याच्या एका कंपनीसाठी लोकांनी लिहिलेले कागद तपासायचे. कॅमेरा बंद, माईक बंद. जेवायचं ते वरण-भात, दही-भात, केळं. ज्यातून आवाज येणार नाही, वास येणार नाही असं. चुलत बहिणीच्या साखरपुड्याला गेले नाही. मैत्रिणींचे फोन आधी उचलले नाहीत, मग ते यायचे थांबले, आणि मला बरं वाटलं, आणि मग बरं वाटेनासं झालं. खोलीच्या खिडकीतून समोरच्या घराची गच्ची दिसते. त्या घरात कोण किती वाजता कपडे वाळत घालतं हे मला पाठ झालं होतं. त्या घरातल्या कुणाचं नाव मात्र मला अजून माहीत नाही.

डिसेंबरात तुम्ही बोलावलंत. “तपासणीले येशीन तवय घर ये. भरीत करस.” मी म्हणाले वांग्याच्या बिया, मिरच्या, शेंगदाणे, मला चालत नाही. तुम्ही म्हणालात, “कोणी सांगं?” मी म्हणाले, कुणी नाही, मीच. तुम्ही हसलात. “मंग तूच आते रद्द कर.”

तुमच्या गल्लीतलं ते घर, पुढे मशीन, मागे चूल. तुम्ही वांगी भाजली, मिरच्या ठेचल्या, कळण्याची, ज्वारी-उडदाची भाकरी थापली. “थोडं खा. बारीक चाव. आज काय व्हस ते देख, मंग उद्या ठरव.” मी खाल्लं. इतक्या महिन्यांनी तोंडाला तिखट लागलं आणि डोळ्यांत पाणी आलं, ते मिरचीचंच होतं असं मी तेव्हा म्हणाले. तेवढ्यात माझ्या पोटावरून तो आवाज आला, मोठा, लांब, थांबवता न येणारा. पुढच्या खोलीत ब्लाऊजचं माप द्यायला आलेली बाई बसली होती. मी दगड झाले. तुम्ही शांतपणे हात पुसलात, बाहेर गेलात, मशीनवर थाप मारलीत आणि त्या बाईला म्हणालात, “बय, तेल मांगी राहिनं हे मशीन.”

त्या दिवशी परतीच्या गाडीत, पारोळ्यापर्यंत, मी खिडकीकडे तोंड करून एकटीच हसत होते. शेजारच्या आजोबांनी जागा बदलली.

आता भांडणाबद्दल. ते राहूनच गेलं आपलं.

तुम्हाला वाटायचं मी तुमच्याबरोबर वॉर्डात यावं. नव्या बायका आल्या की वॉर्डातून तुम्हाला बोलावणं यायचं. त्यांचे निरोप सिस्टर माझ्या फोनवर टाकायच्या, कारण तुम्हाला लिहिता-वाचताना वेळ लागायचा. मी तुम्हाला दोन-तीन शब्दांत कळवायचे, जमेल तेव्हा जळगावहून यायचे, परकरांची पिशवी उचलायचे आणि वॉर्डाच्या दारापर्यंत. आत नाही. दाराला चौकोनी काच होती. त्या काचेतून मी तुम्हाला कितीतरी बायकांना उभं करताना, बसवताना, वाकवताना पाहिलंय. पुरुषांच्या वॉर्डातही तुम्ही जायचात. तिथं प्रश्न बदलायचा, “भाऊ, धोतर का पॅन्ट?” पण काम तेच.

“तू आत ये ना,” तुम्ही म्हणायचात. “म्हातारीले देखीसन त्यासले वाटस, म्हातारीनं काय, तिनं बठ्ठं व्हई गयं. तरणी पोर दिसाले पाहिजे.”

“मी लिहून देते,” मी म्हणाले. आणि लिहिलंही. दोन पानं, नीट, मुद्देसूद. पिशवी काही काळासाठी की कायमची हे डॉक्टरांना विचारावे. भावंडांनीही तपासणी करून घ्यावी. शस्त्रक्रियेपूर्वी खूण करताना रुग्णाने विविध स्थितींमध्ये बसून दाखवावे. तुम्ही मला ते वाचून दाखवायला लावलंत. तिसऱ्या ओळीला तुम्ही डोळे मिटलेत. संपल्यावर म्हणालात, “खरं शे बठ्ठं. पन हे आयकीसन बाई ऑपरेशननी आधीच मरी जाई.”

मला राग आला. पण तो खरा राग नव्हता. खरा दिवाळीनंतर आला.

त्या दिवशी खाटेवरची बाई ऐकत नव्हती. मी काचेतून बघत होते. तिनं तोंडावर पदर घेतला होता. मग तुम्ही अचानक वळलात, दाराकडे बोट केलंत, आणि त्या बाईनं पदर बाजूला करून थेट माझ्याकडे पाहिलं. वरपासून खालपर्यंत. पोटाशी नजर थांबली. मी तुमचे ओठ वाचले नाहीत; गरज नव्हती. नंतर तुम्हीच सांगितलंत काय म्हणालात ते: “ती दारमा उभी शे ना पोरगी, तिलेबी शे.”

ती बाई माझ्या आईच्या शाळेतल्या एका शिक्षिकेची नणंद निघाली. आठवड्यात शिक्षकांच्या खोलीत आईला कुणीतरी विचारलं, “मुलीला काय झालं होतं हो तुमच्या? कोर्स नव्हता का तो?” त्या दिवशी आई घरी आली आणि चपला न काढता सोफ्यावर बसली. भुसावळचं एक स्थळ होतं, पत्रिका जुळली होती. त्यांचा पुढे फोन आला नाही. कारण तेच होतं की दुसरं, कुणी सांगितलं नाही, कुणी विचारलंही नाही.

मी तुम्हाला फोन केला. आयुष्यात पहिल्यांदा मी कुणावर तरी ओरडले.

“तुम्हाला अधिकार कुणी दिला?”

“बाई सही करत नव्हती, बेटा. पिशवीपेक्षा मरन बरं म्हने. तू दिसनी. चांगली, उभी, गालवर रंग. मी बोट दखाडं. तिनी सही करी.”

“मला विचारायचं होतं.”

“तू नही म्हनती.”

“हो! नाहीच म्हणाले असते!”

“मंग?”

मी फोन ठेवला. तुम्ही चुकलात, अक्का. ते माझं होतं, तुमचं नव्हतं, आणि तुम्ही ते न विचारता उचलून दिलंत. हे मी तुमच्या फोटोसमोरही म्हणेन. आणि ती बाई जगली. मागच्या महिन्यात ती तपासणीला आली होती, असं सिस्टरांनी सहज कळवलं. दोन्ही गोष्टी मी शेजारी शेजारी ठेवून पाहते, त्या एकमेकींत मिसळत नाहीत.

त्यानंतर मी धुळ्याला आले नाही. सिस्टरांचे निरोप मात्र पोचवत राहिले. “बुधवार, सकाळी अकरा, एक बाई.” “शुक्रवार, दुपारी, एक गृहस्थ.” तुमचं उत्तर एक अक्षर, “हा”. आपले शेवटचे तीन महिने फोनवर वर-खाली करून पाहिले तर एवढंच आहे. वार, वेळ, हा. वार, वेळ, हा.

संक्रांतीला एसटीच्या पार्सलनं एक पुडकं आलं. आत परकर होता, डाळिंबी रंगाचा. माझ्या मापाचा. मी साडी नेसत नाही हे तुम्हाला माहीत होतं. सोबत चिठ्ठी नव्हती. ती तुम्ही कुणाकडून लिहून घेतली नसती. वीतभर पट्टा, उजवीकडं नाडी, आत कप्पा, आणि कप्प्याला तुम्ही एरवी कुणाच्या परकराला लावत नसलेली बारीक लेस. मी तो घडी उलगडून पाहिला, परत घडी केला आणि कपाटात ठेवला. “मिळाला” एवढंही कळवलं नाही. ठरवलं होतं, धाकट्या चुलत बहिणीचं लग्न वैशाखात आहे, तेव्हा साडी नेसेन, तुम्हाला फोटो पाठवेन, आणि मग आपण बोलू.

तुम्ही फाल्गुनातच गेलात. छातीत कळ आली, एवढंच. पण त्या दिवशी पंगतीत माझ्या शेजारची बाई पुरी मोडत म्हणाली, “शेवटी त्यानंच नेलं ना, कॅन्सरनं. कितीही करा.” नाही हो. त्याला तुम्ही अकरा वर्षांपूर्वी हरवलं होतं आणि मग त्याच्या दारात बसून उरलेल्यांना परकर वाटत होतात. हेसुद्धा मी तिला सांगितलं नाही. मी भाजी घेतली.

तर मी जळगावच्या गाडीत बसले. पारोळ्याच्या स्टँडवर गाडी थांबली तेव्हा फोन वाजला. सिस्टरांचा निरोप. “अक्का फोन उचलत नाहीत. उद्या सकाळी ऑपरेशन आहे, दोंडाईच्याच्या बाई आहेत. आज खूण करायचीय. बाई घरी जायचं म्हणतायत. अक्कांना लगेच पाठवाल का?”

बारा दिवस झाले होते आणि त्यांना माहीत नव्हतं. कळवणार कोण? निरोप पोचवायचं काम माझं होतं.

मी लिहिलं, “अक्का गेल्या.”

“अरे देवा. कधी?” कंडक्टरनं घंटीच्या दोरीला हात घातला. मग एक ओळ आली: “मग मी त्यांना काय सांगू?”

मी गाडीतून उतरले. का, ते नीट सांगता येणार नाही. एवढं आठवतं की उतरताना मी दोनदा “सॉरी” म्हणाले, एकदा कंडक्टरला आणि एकदा कुणालाच नाही.

धुळ्याच्या गाडीनं परत तुमच्या घरी आले. सून अंगणात भांडी पालथी घालत होती.

“ते परकर मला द्या,” मी म्हणाले.

“कोणते? ते उलटे?”

“हो. सगळे.”

तिला वाटलं असेल माझ्या डोक्यावर परिणाम झालाय. पण पिशवी भरून दिली. निघताना म्हणाली, “ताई, एक विचारू? आईंनी असे का शिवले?” मी म्हणाले, सांगते, उद्या येऊन सांगते. आणि तेवढ्यानंच माझे कान तापले.

वॉर्डाच्या दाराशी मी सवयीनं थांबले. काचेतून पाहिलं. खाटेवर पन्नाशीची बाई, गाठोडं बांधून तयार, पाय खाली सोडलेले. शेजारी तिची जाऊ. खाटेच्या कडेला तुमची जागा रिकामी होती. सिस्टर आल्या, माझ्या हातातली पिशवी पाहिली आणि दार उघडून धरलं.

“सिंधूबाई, या अक्कांच्या इथून आल्यात.”

“कोन अक्का?” सिंधूबाई म्हणाल्या. “माले कोनी नको. मी घर जाई राहिनू.”

मी तोंड उघडलं आणि माझ्या दोन पानांतलं वाक्य बाहेर आलं. “शस्त्रक्रियेनंतरही आपण आपली दैनंदिन कामं...”

सिंधूबाईंनी जावेकडे पाहिलं. “ही डाक्टर शे का?”

“नही वं. पोरगी शे कोनी.”

“पोरी,” सिंधूबाई माझ्याकडे वळून म्हणाल्या, रागानं नाही, दमून, “मी मिरचीना देठ खुडस. दिनभर ढीगजोडे बठेल राहस, गुडघा पोटले लायीसन. चाळीस बाया राहतीस लायनीमा. पोटवर पिशवी बांधीसन मी तठे कशी बठसू? बाया नाक दाबतीन. तुले काय समजस? तू शिकेल पोरगी, खुर्चीवर बठनारी.”

जाऊ हसली. वॉर्डातल्या बाकीच्या बायका आमच्याकडे बघत होत्या. बाहेर, काचेपलीकडे कुणीतरी उभं होतं, कुणाचा तरी नातेवाईक, कुठल्याही गावचा, कुणाच्याही आईच्या शाळेतला. मला तो दिसत होता. त्यालाही मी दिसत असणार.

गुडघा पोटाला लावून. म्हणजे वळी वर पडणार, खूण नेहमीपेक्षा वर घ्यायला हवी. हे मला आपोआप सुचलं, तुमच्या आवाजात नाही, माझ्याच. त्या झोपल्या असताना गोल काढला असता तर मिरचीच्या पहिल्याच ढिगाशी पिशवी दाबली गेली असती. त्यांना जमिनीवर बसवायलाच हवं होतं, आत्ता, सिस्टरांच्या हातात पेन असताना.

मी पिशवीतला एक परकर काढला. ओढणी खाटेवर ठेवली. फरशीवर उकिडवी बसले, गुडघे पोटाला लावून, मिरचीच्या ढिगाशी बसतात तशी, आणि कुर्त्यावरूनच डाव्या बाजूला तळहात ठेवला. ती जाऊ हसायची थांबली. सिंधूबाई खाली वाकून माझ्या हाताकडे बघू लागल्या.

“मालेबी शे,” मी म्हणाले. “आते सांग, नाडी कोठे बांधस वं माय?”